बाचीच्या पुढच्या तीन पोरी : आमच्या रग्बी टीमचं एक प्रकरण

बेळगावहून वेंगुर्ला रोडनं निघालं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा असं करत बाची येतं, आणि बाची संपलं म्हणेपर्यंत शिनोळी सुरू झालेली असते. दुकानांच्या पाट्यांवरचं कन्नड जातं, मराठी येतं, एवढाच काय तो फरक, बाकी भाताची खाचरं तीच, पाहुणे तेच, बाजार बेळगावचाच. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. आमच्या टीममधल्या तीन पोरी ह्या शिनोळीच्या बाजूच्या, म्हणजे चंदगड तालुक्यातल्या, महाराष्ट्रातल्या. हे सगळं प्रकरण त्या तिघींचं आहे. रग्बीचं सांगायला बसले तरी गाडी शेवटी आधार कार्डवर येऊन थांबते, त्याला माझा इलाज नाही.

मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात पीटी शिकवते. स्वतः कबड्डी खेळलेली, रग्बीचा बॉल हातात आला तो चाळिशीच्या तोंडावर. एक सर आहेत, आर्मीत असताना रग्बी खेळलेले, रिटायर होऊन इथंच घर बांधून राहिलेत (मराठा लाइट इन्फन्ट्रीचं सेंटर गावात असल्यामुळं असा एकतरी रिटायर्ड माणूस प्रत्येक गल्लीत सापडतो), त्यांनी एकदा शाळेत येऊन डेमो दिला आणि पोरींनी तो बॉल परत द्यायलाच नको म्हटलं. तिथनं सुरू झालं. बेळगाव तालुका, खानापूर, दोघी निपाणीच्या आणि ह्या तीन चंदगडच्या. पहिल्या रविवारी २६ पोरी आल्या, जून-जुलैत रोप लावणीला निम्म्या गायब, आणि श्रावण संपता संपता १७ टिकल्या. त्याच आमची टीम. फॉर्मवर नावाच्या जागी काय लिहायचं म्हणून मीच "सीमाभाग महिला रग्बी" असं लिहून टाकलं, तेव्हा त्यात काय अडचण येईल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

निपाणीच्या एका पोरीची आई विडी कामगार. रग्बी युनियन म्हटल्यावर तिनं मला सरळ विचारलं, "म्याडम, युनियनची वर्गणी किती?" निपाणीत युनियन म्हणजे विडीवाल्यांची युनियन, दुसरी कुठली असणार. मग तिला सांगितलं की १८९५ साली इंग्लंडमध्ये पैशावरनं भांडण होऊन ह्या खेळाचे दोन तुकडे पडले, एकाचं नाव युनियन, त्यात १५ जण, दुसरं लीग, त्यात १३. आम्ही युनियनचाच लहान प्रकार खेळतो, सेव्हन्स, सात जणी, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. ती म्हणाली चौदा मिनिटांच्या खेळाला निपाणीतनं बेळगावला यायचं? बरोबर आहे तिचं, ७५ किलोमीटर आहे.

आता बस हा विषय आलाच आहे तर सांगून टाकते, कारण टीम उभी राहिली ती बसमुळं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजना आहे, कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये फुकट प्रवास, आधार दाखवायचं आणि कंडक्टर झिरो तिकीट फाडतो. ती नसती तर खानापूरच्या पोरी आठवड्यातनं तीनदा आल्याच नसत्या, त्यांच्या घरात कोण देतंय भाडं खेळायला. चंदगडच्या तिघींना मात्र हे नाही. त्यांचं आधार महाराष्ट्राचं, त्या घरनं येतात त्या महाराष्ट्राच्या एसटीनं, तिथं २०२३ च्या मार्चपासून बायकांना राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट. म्हणजे एकाच ग्राउंडवर एक पोरगी फुकट येऊलीय, दुसरी हाफ तिकिटावर येऊलीय. पोरींनी त्याचा जोक केला होता, चंदगडच्या तिघींना "हाफ तिकीट" म्हणायच्या. त्याही हसायच्या. मीही हसायचे. हा पहिला इशारा होता आणि मी तो जोक म्हणून सोडून दिला.

खेळाचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं नुकसान कळणार नाही. आमच्या बहुतेक पोरी कबड्डी नाहीतर खो-खोच्या. कबड्डीवाल्या टॅकलला घाबरत नाहीत, कंबरेत घुसून पाय गोळा करतात, बघायला मस्त वाटतं. पण कबड्डीत पकडलेली रेडर सोडायची नसते, दात-ओठ खाऊन धरून ठेवायचं असतं. रग्बीत उलट, समोरची खाली पडली की तिला लगेच सोडायचं, नाहीतर पेनल्टी. हे सोडणं शिकवायला मला चार महिने लागले. सर शिट्टी मारून मारून दमले, शेवटी बेळगावची एक कन्नड पोरगी मैदानाबाहेरनं "बिडी! बिडी!" म्हणून ओरडायची, म्हणजे सोड, आणि विडीचा अन् ह्या बिडीचा घोळ होऊन निपाणीवाल्या हसत सुटायच्या, पण त्यानंच ते डोक्यात बसलं. आता आमचे सगळे कॉल मिक्स आहेत. बॉल झेल म्हणायचं तर "हिडी", मागं आहे म्हणायचं तर "मागं", सोड म्हणायचं तर "बिडी". रेफरीला काय कळतंय. खो-खोवाल्यांना पास मागंच द्यायचा हा नियम पटकन जमला, पुढं बॉल फेकायला बंदी आहे ह्याचं त्यांना काही वाटलं नाही.

आणि किक. हे सगळ्यात अवघड. सेव्हन्समध्ये ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडं बॉल जमिनीला टेकवला, की ५ गुण, त्यानंतर कन्व्हर्जनचे, म्हणजे बॉल दोन पोस्टच्या मधनं मारायचे, २, पण ते ड्रॉप किकनंच मारायचं. बॉल हातातनं सोडायचा, जमिनीवर टप्पा पडायचा आणि वर उठता उठता मारायचा. बॉल लंबगोल, टप्पा कुठं जाईल त्याच्या बापाला माहीत नाही. एवढ्यावर भागत नाही, सेव्हन्समध्ये ज्यांनी गुण केले त्यांनीच परत किक-ऑफ करायचा असतो, तोही ड्रॉप किकच, आणि बॉल किमान १० मीटर गेला पाहिजे, नाहीतर समोरच्यांना मैदानाच्या मधोमध फ्री किक. म्हणजे किकर नसेल तर ट्राय करूनसुद्धा तुमचीच पंचाईत.

आमच्याकडं किक जमणारी एकच पोरगी, चंदगडची. बेळगावात कॉलेजला, दोन वर्षं होस्टेलला राहणारी. तिच्या गावाला जांभ्याचा माळ आहे, तिथं सुट्टीत जाऊन मारायची, जांभ्यावर टप्पा कसाही उडतो त्यामुळं आमचं ग्राउंड तिला गादीसारखं वाटायचं. बॉल टाकायची नाही, ठेवायची, म्हणजे गुडघ्याच्या उंचीवरनं, टोक खाली, थोडंसं आपल्याकडं झुकवून, आणि नजर शेवटपर्यंत टोकावर. २० पैकी १६-१७ बसायच्या. बाकीच्या दोघींपैकी एक स्क्रमला (दोन्हीकडच्या तिघी-तिघी एकमेकींना धरून बॉलसाठी रेटतात तो) मधली, हुकर, आणि एक विंगला, म्हणजे कडेला, अशी पळायची की बॉल तिच्याकडं पोचला की आम्ही पाणी प्यायला घ्यायचो.

तर. बेंगळूरला एक राज्य पातळीवरची स्पर्धा होती. बारा जणींची यादी पाठवायची. मी बारा नावं पाठवली, आधारच्या झेरॉक्स जोडल्या आणि तिसऱ्या दिवशी फोन, की तीन खेळाडूंचा पत्ता महाराष्ट्राचा आहे, ही कर्नाटकची स्पर्धा आहे, बदली नावं द्या, उद्या संध्याकाळपर्यंत. बोलणारा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, मॅडम, टीम चांगली आहे ऐकलंय, पण पत्ता बघा की. मी म्हटलं एक पोरगी दोन वर्षं इथं राहतेय. तो म्हणाला, मग आधार बदलून घ्या.

त्या संध्याकाळी ग्राउंडवर सर, मी, दोन पालक आणि ह्या तिघी असे बसलो. काय काय पर्याय निघाले ते जसंच्या तसं सांगते. एका पालकांचं म्हणणं, तिघींचा पत्ता आमच्या घरचा घाला, भाडेकरार मी करून देतो, कोण बघतंय. मनानं चांगला माणूस, पोरींवर जीव आहे त्याचा. सरांनी लगेच नाही म्हटलं. मी लगेच म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू, मी दोन मिनिटं गप्प होते आणि मनात हिशोब चालू होता की कुणाला कळेल का. मग शिनोळीकडच्या दोघींपैकी जी विंगला खेळते ती म्हणाली, "मी रोज घरला जातो की, मग मी हितं राहतो असं कसं लिहूचं?" (आमच्याकडच्या पोरी "मी जातो", "मी आलो" असंच बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.) तो पर्याय तिथंच संपला. त्या दोघी खरंच तिकडं राहतात, विषय मिटला.

किकरचं वेगळं होतं. ती खरोखर इथं राहते, कॉलेजचं बोनाफाईड आहे, होस्टेलचं पत्र आहे, तिला पत्ता बदलायचा पूर्ण हक्क. मला वाटलं सुटलो. तिच्या वडिलांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्याडम, पोरगी पोलीस भरतीची तयारी करूलीय. महाराष्ट्राचं डोमिसाईल लागतंय. आधारवर कर्नाटक आलं आणि तिकडं कुणी बोट ठेवलं तर?" मी सांगितलं की आधार म्हणजे डोमिसाईल न्हवे, २०१६ च्या आधारच्या कायद्यात नवव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. ते म्हणाले, "मग तुमच्या स्पर्धेवाले त्याच आधारवर पोरीला बाहेर काढूलेत ते कसं?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. कायदा म्हणतो आधारवरनं अधिवास ठरत नाही, खिडकीवरचा माणूस आधारच बघतो, आणि चंदगडच्या बापाला खिडकीवरच्या माणसाचा अनुभव जास्त. चंदगड तालुक्यात घरटी एक पोरगं-पोरगी भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळत असतं, तिथं एका ट्रॉफीसाठी डोमिसाईलची रिस्क घे असं मी कुठल्या तोंडानं सांगू. पोरगीनं स्वतःच नाही म्हटलं शेवटी. रडली नाही, मोजे काढत बसली बराच वेळ.

आणि ह्यात अजून एक गंमत, गंमत म्हणजे चीड येणारी. महाराष्ट्रानं दावा सांगितलेली ८६५ गावं आहेत, आमच्या खानापूर-बेळगावच्या कितीतरी पोरी त्या गावांतल्या. त्यांना महाराष्ट्र सरकार नोकरीला, ॲडमिशनला आपल्यातलं मानतं, सीमाभागाच्या राखीव सीटा आहेत. म्हणजे बाचीच्या अलीकडची पोरगी कर्नाटककडनं खेळू शकते आणि तिकडं महाराष्ट्रात सीटही मागू शकते. बाचीच्या पलीकडची, तिच्याच मामाची पोरगी, अर्ध्या तासावरच्या टीमकडनं स्पर्धा खेळू शकत नाही. तिनं महाराष्ट्राकडनं खेळावं म्हणावं तर कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर, रोजच्या सरावाला कोण पाठवणार. मी बेळगाव प्रश्नावर बोलत नाहीये, त्यावर बोलणारे खूप आहेत आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टातही ते आहेच. मी फक्त किक-ऑफचं बोलतेय.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक गोष्ट सांगितली आणि माझं डोकंच फिरलं. देशाकडनं खेळायचं असेल तर वर्ल्ड रग्बीचा नियम काय, तर तुमचा जन्म त्या देशातला हवा, किंवा आई-बापापैकी कुणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचा, नाहीतर तुम्ही स्वतः बरीच वर्षं तिथं राहिलेले किंवा तिथल्या रग्बी संघटनेकडं नोंदलेले हवे. आजी चालते! जगात आजीच्या जन्मगावावर पोरं दुसऱ्या देशाची जर्सी घालतात. मी हुकर पोरीला सहज विचारलं, तुझी आजी कुठली गं? म्हणाली उचगावची. उचगाव म्हणजे बेळगाव तालुका. विंगवालीची आजी चंदगडचीच, जन्म १९४९ चा. सर म्हणाले मग हिचं नाही बसत. त्यावर मी म्हटलं थांबा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला चंदगड तालुका तेवढा काढून मुंबई राज्यात ठेवला, तो मग कोल्हापूर जिल्ह्यात आला. म्हणजे १९४९ साली चंदगडात जन्मलेली बाई बेळगाव जिल्ह्यात जन्मलेली आहे. पोरीनं हे घरी जाऊन सांगितलं, तर आजी म्हणे म्हणाली, मग त्यात काय, माझ्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा बेळगावच हाय. पोरीनं दाखल्याचा फोटो पाठवला. चुरगळलेला, शाईनं लिहिलेला, "ता. चंदगड, जि. बेळगांव". तो फोटो मी त्या स्पर्धेवाल्या माणसालाही पाठवला, उगाचच, काही होणार नाही हे माहीत असताना. दोन निळ्या टिका आल्या.

मग उरले ११ दिवस. बदली तीन नावं होती, पण किकरला बदली नव्हती. खानापूरच्या एका खो-खोवालीला उभं केलं, कारण तिचे पाय हलके आणि ती चिडत नाही. शिकवायला आमची किकरच रोज संध्याकाळी होस्टेलमधनं यायची. पहिल्या दिवशी २० पैकी ४ किका दहा मीटरच्या पुढं गेल्या. ती एकच सांगत होती, "टाकू नको, ठेव." नवी पोरगी घाबरून बॉल छातीपासनं सोडायची, टप्पा कंबरेपर्यंत उडायचा आणि किक नडगीवर बसायची. पाचव्या दिवशी किकरनं तिच्या कंबरेला ओढणी बांधली आणि म्हणाली हात ओढणीच्या वर आला तर वीस उठाबशा. शेवटच्या दिवशी २० पैकी १३. मला ते खूप वाटले. सरांना नाही वाटले.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं गेलो, स्लीपर, चपात्या आणि शेंगाची चटणी, आणि निपाणीवाल्यांनी रात्री एक वाजेपर्यंत भेंड्या लावल्या. चार मॅच झाल्या. पहिल्या मॅचला नव्या पोरीची पहिलीच किक-ऑफ सात मीटरवर पडली, दोन मिनिटांत आमच्यावर ट्राय. ३१-० हरलो, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. दुसरी मॅच सांगते. १७-१० नं मागं, शेवटचा मिनिट, आमची एक कबड्डीवाली बॉल घेऊन सुटली, डावीकडनं, पुढं कुणीच नाही, पोस्टच्या मधोमध जाऊन बॉल टेकवायला जागाच जागा. आणि ती रेषा ओलांडल्या ओलांडल्या कोपऱ्यातच आडवी पडली! कबड्डीत मधली रेषा शिवली की झालं ना, तीच सवय. ट्राय मिळाला, १७-१५, पण कन्व्हर्जन जिथं बॉल टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागनं मारावं लागतं, म्हणजे पार कडेवरनं. नव्या पोरीनं बॉल ठेवला, टाकला नाही, अगदी ओढणीच्या खाली. पोस्टच्या उजवीकडनं गेला. एका हाताचं अंतर असेल. बसला असता तर १७-१७.

मी मोबाईलवर व्हिडिओ कॉल चालू ठेवला होता, तिकडं होस्टेलच्या गच्चीवर तिघीही एका मोबाईलला डोकी लावून. मी म्हटलं बघितलं का गं. नेटवर्कमुळं दोन सेकंदांनी किकरचा आवाज आला, "टप्पा बरोबर होता, म्याडम. वारा होता." मग विंगवाली मागनं ओरडली की मधी जाऊन का न्हाई टेकवली, आणि कॉल कट झाला. तिसरी मॅच जिंकलो १०-५, चौथी हरलो.

माझी चूक कुठं झाली ते मी बऱ्याचदा बोलून दाखवते, घरातले कंटाळलेत. पहिल्या रविवारी मी नाव, वय, शाळा, घरचा फोन आणि रक्तगट एवढं विचारलं, राज्य विचारलं नाही. विचारलं असतं तर तिघींना पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं की बाई, इथं शिका, दोस्तीच्या मॅच खेळा, पण राज्याच्या स्पर्धेला अडचण येईल, आणि दुसरी किकर सहा महिने आधीच तयार केली असती. सर म्हणतात भुवनेश्वरच्या किस्ससारखं (आदिवासी पोरांची निवासी शाळा आहे ती) होस्टेल पाहिजे, पोरं राहतात तिथंच ग्राउंड, तिथंच शाळा, म्हणून ओडिशा पुढं आहे. असेल. आमच्याकडं होस्टेल नाही, एसटी आहे. आम्ही लेखी अर्ज दिलाय की जी पोरगी दोन वर्षं इथं शिकतेय तिचं कॉलेजचं बोनाफाईड पत्त्याच्या जागी धरा. त्याचं उत्तर यायचंय. हुकर पोरीनं मध्ये यायचं सोडलं, लग्नाचं बघायला लागलेत म्हणे. विंगवाली येते. किकर भरतीच्या ग्राउंडची तयारी करतेय, रविवारी येते.

गेल्या रविवारी ती येताना गावातल्या दोन पोरी घेऊन आली, तेरा-चौदा वर्षांच्या, पायात चपला, बॉलकडं बघत उभ्या. मी नाव विचारायच्या आधी तोंडातनं निघून गेलं, "आधार कुठलं गं?" किकरनं माझ्याकडं नुसतं बघितलं. पोरी म्हणाल्या चंदगडचं. मी वहीत लिहून घेतलं, आणि म्हटलं चपला तिकडं काढा, पहिल्यांदा मागं पास द्यायला शिका.